रुग्णशय्येवरील व्यवसायोपचार

२०२४ सालीं ज्याला अहिल्यानगर हें नांव मिळालें, त्या जुन्या अहमदनगर शहराला लागूनच मनमाडच्या रस्त्यावर नागापूर आहे. एके काळचें हें शेतकऱ्यांचें खेडें आज तेथील औद्योगिक वसाहतीमुळें जिल्हाभर ओळखलें जातें. पत्रा कापणारीं, दाबणारीं, भोंकें पाडणारीं यंत्रें जेथें पाळीमागून पाळी चालतात, तेथें राबणाऱ्या माणसाचें खरें भांडवल म्हणजे त्याचे दोन हात. ह्या भांडवलावर केव्हां घाला पडेल ह्याचा नेम नसतो. प्रेसखालीं तुकडा सरकवितांना क्षणभर लक्ष चुकावें, किंवा पत्र्याची कड हातांतून निसटावी, आणि तळहातापासून बोटापर्यंत चीर पडावी, हा प्रसंग कोणत्याहि औद्योगिक गांवच्या रुग्णालयाला अपरिचित नाहीं.

अशा एका कामगाराची कल्पना करावी. त्याच्या उजव्या हाताचीं दोन बोटें वाकविणाऱ्या शिरा तुटल्या आहेत. शल्यवैद्यानें त्या बारीक टांक्यांनीं जोडल्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली. आप्तांना वाटतें, आतां हात बांधून स्वस्थ पडून राहावें. टांके निघाले, जखम भरली, कीं सारें पूर्ववत् होईल. घोटाळा होतो तो येथेंच. बोट वाकविणारी ही शीर, जिला शास्त्रांत कंडरा म्हणतात, ती एका अरुंद नळींतून मागेंपुढें सरकत असते. जखम भरून काढण्यासाठीं शरीर जे नवे तंतु विणतें, त्यांना शीर कोणती आणि नळी कोणती हा भेद कळत नाहीं. हात निश्चल राहिला तर ते दोघींना एकमेकींशीं जखडून टाकतात. मग शीर जुळलेली असते, जखम भरलेली असते, पण बोट वाकत नाहीं. उलटपक्षीं, नुकती जोडलेली शीर इतकी नाजूक असते कीं, रुग्णानें बाजाराची पिशवी उचलली तरी ती पुन्हां तुटावी. बोट हललें नाहीं तर चिकटतें, जोरानें हललें तर तुटतें. ह्या दोन संकटांच्या मधून जी चिंचोळी वाट जाते, ती दाखविणारा जाणता माणूस शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत रुग्णाच्या खाटेपाशीं यावा लागतो. त्याच्या विद्येचें नांव व्यवसायोपचार.

ह्या नांवानें पुष्कळांची फसगत होते. व्यवसाय म्हटला कीं धंदा, आणि व्यवसायोपचार म्हणजे आजाऱ्याला एखादा धंदा शिकवून पोटाला लावण्याची सोय, असें ऐकणाऱ्यास वाटतें. वस्तुतः येथें व्यवसाय हा शब्द फार व्यापक अर्थानें घेतलेला आहे. माणसाचा दिवस ज्या ज्या कृतींनीं भरलेला असतो, त्या सर्व त्यांत येतात. दांत घासणें, आंघोळ करणें, सदऱ्याचीं बटणें लावणें, ताटांतला घांस तोंडाशीं नेणें, पोळ्या लाटणें, हिशेब लिहिणें, नातवाला मांडीवर घेणें, हे सगळे माणसाचे व्यवसायच होत. आजारानें किंवा अपघातानें ह्यांपैकीं कोणती कृति हातून निसटली, कां निसटली, आणि ती परत कशी मिळवितां येईल, हें शोधणें हें ह्या उपचाराचें काम. त्याचें औषधहि कृति हेंच. भौतिकोपचाराशीं त्याचें नातें सख्ख्या भावंडाचें आहे. सांधा किती वळतो, स्नायूंत बळ किती आहे, पाऊल टाकतां येतें कीं नाहीं, इकडे भौतिकोपचारज्ञाचें मुख्य लक्ष असतें. तो वळलेला सांधा आणि तें बळ घेऊन रुग्णाला आपल्या हातानें जेवतां येतें कीं नाहीं, हें व्यवसायोपचारज्ञ पाहतो. हाताच्या दुखापतींत तर दोघांचीं क्षेत्रें पुष्कळदां एकमेकांत मिसळून जातात.

त्या कामगाराच्या खाटेपाशीं येऊन व्यवसायोपचारज्ञ करतो तरी काय ? प्रथम तो दुखावलेला हात उशीवर, छातीहून उंच ठेवावयास लावतो. कारण आजची सूज हीच उद्यांच्या ताठरपणाची जननी आहे. नंतर कढत पाण्यांत मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचें एक स्प्लिंट तो त्या हाताच्या मापानें घडवितो. हाताच्या पाठीवर बसणारें हें स्प्लिंट बोटांना पूर्ण सरळ होऊं देत नाहीं, त्यामुळें जोडलेल्या शिरेवर ताण येत नाहीं. वाकण्याची मुभा मात्र राहते. मग ठरलेल्या वेळीं, ठरलेल्या प्रमाणांत बोट हलवावयाचें. आरंभीं दुसऱ्या हातानें तें अलगद वाकवून द्यावयाचें, पुढें त्यानें स्वतःच्या जोरावर थोडें वाकावयाचें, त्याहि पुढें हलकी वस्तु धरावयाची, अशा पायऱ्या असतात. कोणती शीर कोठें व कशी जोडली आहे हें पाहून, शल्यवैद्याच्या संमतीनें प्रत्येक पायरी ठरते. शीर जड काम पेलण्याजोगी होण्यास साधारणपणें तीन महिने लागतात. पण त्या तीन महिन्यांचा पाया पहिल्या आठवड्यांतच घातला जातो.

दरम्यान आणखी एक अडचण उभी राहते, आणि ती पाश्चात्त्य पुस्तकांत फारशी आढळावयाची नाहीं. आपल्याकडे जेवणाचा हात उजवा आणि शौचशुद्धीचा डावा. उजवा हात स्प्लिंटांत गेला कीं दोन्हीं कामें डाव्यावर येतात, आणि त्याच हातानें अन्न घेण्याची कल्पनाच पुष्कळांना सहन होत नाहीं. असा रुग्ण बायकोच्या किंवा आईच्या हातून भरवून घेतो, नाहींतर अर्धपोटीं राहतो; पण खरें कारण तो डॉक्टरांना सांगत नाहीं. जाणता व्यवसायोपचारज्ञ तें ओळखतो. डाव्या हातांत नीट बसेल असा जाड मुठीचा चमचा, शौचासाठीं पाण्याचा फवारा, अशा साध्या योजना तो सुचवितो, आणि एका प्रौढ माणसाचें स्वतःच्या हातानें जेवण्याचें स्वातंत्र्य दुसऱ्याच दिवशीं परत येतें.

ही विद्या मुळांत एका रुग्णाच्याच अनुभवांतून वाढली. जॉर्ज बार्टन हा अमेरिकन वास्तुशिल्पी क्षय व पुढें पक्षाघात ह्यांनीं जर्जर झाला असतां कामाच्या आधारानें सांवरला. १९१७ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथें त्याच्या घरीं कांहीं मंडळी जमलीं, आणि ह्या उपचाराच्या प्रसारासाठीं पहिली संस्था निघाली. पहिल्या महायुद्धांतील जखमी सैनिकांनीं त्या संस्थेला लौकरच काम पुरविलें. इंग्लंडांत डॉ. एलिझाबेथ कॅसन ह्यांनीं १९३० सालीं ब्रिस्टल येथें ह्या विषयाचें विद्यालय काढलें. त्या काळीं क्षयाचे, मनोविकाराचे, हाडांचे रुग्ण महिनोन्‌महिने रुग्णालयांत राहत. म्हणून टोपल्या विणणें, मागावर कापड काढणें, लांकूडकाम करणें, हीं ह्या उपचाराचीं साधनें असत. पुष्कळांच्या मनांत तेंच चित्र अजून आहे.

भारतांत ही विद्या रुजविण्याचें श्रेय श्रीमती कमलाबाई निंबकर ह्यांच्याकडे जातें. अमेरिकेंत एलिझाबेथ लंडी ह्या नांवानें जन्मलेल्या ह्या बाई विवाहानें निंबकर घराण्यांत आल्या आणि कमला झाल्या. चाळिशी उलटल्यानंतर त्यांनीं पुन्हां अमेरिकेस जाऊन व्यवसायोपचाराचें रीतसर शिक्षण घेतलें. परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांत त्यांनीं १९५० सालीं सुरू केलेलें विद्यालय हें आशिया खंडांतील ह्या विषयाचें पहिलें विद्यालय मानलें जातें. १९५२ सालीं अखिल भारतीय संघ स्थापन झाला, आणि त्याच वर्षीं निघालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताची गणना झाली. पुढें विदर्भांतील नागपुरासहि हें शिक्षण सुरू झालें. फलटणची एक नांवाजलेली शाळा आज कमलाबाईंच्या नांवानें चालते. परंतु त्यांचें खरें स्मारक शोधावयाचें तर तें रुग्णालयांच्या खाटांपाशींच शोधावें लागेल.

कारण आज मोठ्या रुग्णालयांतील रुग्ण महिनोन्‌महिने राहत नाहीं. कित्येकदां तो पांच-सात दिवसांतच घरीं जातो. इतक्या थोड्या अवधींत टोपली विणावयास सवड नसते. उलट, घरीं गेल्यावर हा माणूस जगणार कसा, हा प्रश्न पहिल्याच दिवशीं विचारावा लागतो. प्राण वांचविणें हें वैद्याचें काम, आणि मग सावकाश, बरें वाटल्यावर, जगणें सुरू करणें हें रुग्णाचें, अशी जी वांटणी आपण मनांत करून ठेवलेली असते, ती ह्या ठिकाणीं टिकत नाहीं.

अतिदक्षता विभागाचें उदाहरण पाहावें. श्वासाचें यंत्र लावलेला रुग्ण गुंगीच्या औषधाखालीं निपचीत पडलेला असतो. त्याचे स्नायु दिवसेंदिवस झिजत जातात. दिवस कोणता, रात्र कोणती, आपण कोठें आहों, हें त्याला कळेनासें होतें. तो नळ्या ओढूं लागतो, असंबद्ध बोलतो. जुनीं माणसें ह्याला वात झाला म्हणत. २००९ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं अशा १०४ रुग्णांचे दोन गट करून एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्हीं गटांत गुंगीचें औषध रोज कांहीं काळ थांबविलें जाई. एका गटाला अगदीं आरंभापासून भौतिकोपचार व व्यवसायोपचार दिला : हातपाय हलविणें, खाटेच्या कडेला बसणें, तोंड पुसणें, केस विंचरणें, उभें राहणें. दुसऱ्या गटाला हे उपचार नेहमींच्या रीतीनें, उशिरां मिळाले. रुग्णालय सोडतांना रोजचीं कामें स्वतः करूं शकणारे व स्वतः चालूं शकणारे रुग्ण पहिल्या गटांत शेंकडा ५९ होते, दुसऱ्यांत शेंकडा ३५. वाताचे दिवसहि पहिल्या गटांत सुमारें निम्मेच भरले. केस विंचरण्यासारखी क्षुल्लक कृति हें सामर्थ्य कोठून आणते ? फणी ओळखणें, ती कशासाठीं आहे हें आठवणें, हात डोक्यापर्यंत नेणें, तोल सांभाळणें, एवढीं कामें त्या एका कृतींत मेंदू व शरीर मिळून करतात. आणि आपण अजून माणूस आहों ही जाणीव रुग्णाला होते ती वेगळीच.

मात्र लौकर म्हणजे घाईनें नव्हे. पक्षाघाताच्या रुग्णाला चोवीस तासांच्या आंत उठवून वारंवार हालचाल करावयास लावली तर काय होतें, हें पांच देशांतील २१०४ रुग्णांवर पाहण्यांत आलें. त्याचा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यानें अतिउत्साही मंडळींचे डोळे उघडले. तीन महिन्यांनंतर चांगली स्थिति गांठणाऱ्यांचें प्रमाण ह्या गटांत शेंकडा ४६ होतें, तर नेहमींच्या बेतानें चाललेल्या गटांत तें शेंकडा ५० होतें. म्हणून व्यवसायोपचारज्ञ खाटेपाशीं येतो तो आधीं नाडी, रक्तदाब व श्वास पाहतो, डॉक्टरांची संमति घेतो, आणि रुग्णाचा चेहरा उतरला कीं थांबतो. औषधाप्रमाणें कृतीलाहि मात्रा असते.

पक्षाघाताच्या रुग्णापाशीं त्याची नजर फार उपयोगी पडते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली म्हणजे पुष्कळदां रुग्णाला डावीकडच्या जगाचें भानच उरत नाहीं. डोळे शाबूत असतात, पण लक्ष तिकडे वळत नाहीं. ताटांतली उजवीकडची भाजी संपते. डावीकडची चटणी-कोशिंबीर जशीच्या तशी राहते, आणि घरचीं माणसें समजतात कीं, त्याला ती आवडली नाहीं. अर्ध्याच चेहऱ्याची दाढी होते. अशा माणसाला एकट्यानें घरीं सोडलें तर डावीकडची शेगडी किंवा रस्त्यावरची मोटार त्याच्या ध्यानांत यावयाची नाहीं. व्यवसायोपचारज्ञ हें जेवतांना, दाढी करतांना, कपडे घालतांना पाहून ओळखतो, आणि मान वळवून डावीकडे शोध घेण्याची संवय लावूं लागतो. सदरा घालतांना दुबळा हात आधीं बाहींत घालावा आणि काढतांना तो शेवटीं काढावा, दुबळ्या हाताला धरून रुग्णाला कधींहि ओढूं नये, ह्या लहानसहान गोष्टी नातेवाइकांना तोच शिकवितो. ओढलेला खांदा पुढें कित्येक महिने छळतो.

भाजलेल्या रुग्णाची गोष्ट आणखी कठीण. स्वयंपाकघरांत पदर पेटून गळा व छाती भाजलेल्या बाईला मान खालीं घालून, उशीवर डोकें ठेवून पडलें म्हणजे बरें वाटतें. कारण त्या स्थितींत भाजलेल्या कातडीवर ताण येत नाहीं. पण नवी कातडी आकसत आकसतच येते. आजच्या सुखाच्या स्थितींत ती तशीच आकसली, तर हनुवटी छातीशीं खिळून बसण्याची भीति असते. म्हणून तिची उशी काढून घेऊन मान मागें झुकलेली ठेवणें, काख भाजली असेल तर हात अंगापासून दूर धरून ठेवणें, हें पहिल्या दिवसांतच करावें लागतें. पाहणाऱ्याला हा निर्दयपणा वाटतो. परंतु तिला पुन्हां वर पाहून बोलतां यावें, देवळीतला डबा काढतां यावा, मुलाला उचलतां यावें, ह्यासाठींच तो असतो.

येथें नातेवाइकांची माया आड येते, हें सांगणें भाग आहे. आपल्या रुग्णालयांत रुग्णाजवळ घरचें कोणी ना कोणी असतेंच, आणि परिचारिकांची संख्या पाहतां तें असावें लागतें. पण आजाऱ्यानें कांहींहि करूं नये, सर्व आपण करावें, हा सेवेचा आदर्श आपल्या घरोघरीं पक्का बसलेला आहे. घांस भरवावयाचा, तोंड पुसावयाचें, कूस बदलून द्यावयाची, पाण्याचा पेला ओठांशीं धरावयाचा. दोन दिवस हें आवश्यक असतें. दहा दिवस चाललें कीं रुग्ण तें सर्व विसरूं लागतो. व्यवसायोपचारज्ञ नातेवाइकाला हात आंखडता घेण्यास शिकवितो : पेला रुग्णाच्या हातांत द्या, आपला हात नुसता खालीं धरा. पाणी थोडें सांडेल. सांडूं द्या.

घरीं जाण्याचा दिवस ठरण्यापूर्वीं तो आणखी कांहीं प्रश्न विचारतो. घराला पायऱ्या किती ? संडास देशी पद्धतीचा कीं खुर्चीचा ? न्हाणीची फरशी गुळगुळीत आहे काय ? जेवण पाटावर कीं टेबलावर ? झोपणें गादीवर जमिनीशीं कीं पलंगावर ? खुब्याचें हाड बदललेल्या आजीबाईंना खालीं मांडी घालून किंवा उकिडवें बसण्याची बहुधा मनाई असते. आणि आपलें सारें घर तर जमिनीलगत मांडलेलें. खुर्चीवजा संडास, न्हाणींत बसावयास उंच स्टूल, भिंतीला धरावयास एक दांडा, ह्या तीन वस्तु वेळेवर आणल्या नाहींत तर उत्तम झालेली शस्त्रक्रिया एका घसरण्यानें वायां जाते. हृदय दुबळें झालेल्या गृहस्थाला तो स्नान बसून करण्यास, दमछाक करणारीं कामें दिवसभर विभागून करण्यास शिकवितो. गोंधळलेल्या वृद्धाला तो तोंडी प्रश्न विचारून थांबत नाहीं; चहा करावयास सांगतो, आणि गॅस बंद करण्याचें त्याला आठवतें कीं नाहीं हें पाहतो.

ह्या चौकशांचा उपयोग किती, ह्याची एक खूण २०१६ सालीं अमेरिकेंत मिळाली. हृदयदौर्बल्य, न्यूमोनिया व हृदयविकाराचा झटका ह्या तिन्हींसाठीं दाखल झालेले रुग्ण घरीं गेल्यावर महिन्याच्या आंत पुन्हां कां येतात, ह्याचा अभ्यास करतांना संशोधकांनीं रुग्णालयांचा खर्च बाबवार तपासला. ज्या बाबीवर अधिक खर्च करणाऱ्या रुग्णालयांत परत येणाऱ्यांचें प्रमाण तिन्हीं आजारांत कमी दिसलें, अशी बाब एकच निघाली, आणि ती व्यवसायोपचाराची होती. असा संबंध दिसला म्हणजे तेंच कारण आहे हें सिद्ध होत नाहीं, हें खरें. पण ज्याला घरीं गोळ्यांची डबी उघडतां येत नाहीं किंवा न्हाणीपर्यंत जातांना धाप लागते, तो परत येणार हें समजण्यास मोठ्या गणिताची गरज नाहीं.

महाराष्ट्रांत व्यवसायोपचार व भौतिकोपचार ह्यांची राज्य परिषद आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यानें अशा सर्व सहायक व्यवसायांना देशभर वैधानिक चौकट दिली आहे. नागापूरच्याच रस्त्यावर पुढें विळद घाटांत वैद्यकीय महाविद्यालयाचें मोठें रुग्णालय उभें आहे. व्यवसायोपचाराचीं विद्यालयें मात्र राज्यांत थोडीं, आणि तींहि बहुतेक मोठ्या शहरांत. त्यामुळें प्रत्येक खाटेपाशीं हा जाणता माणूस आपण होऊन येईल, अशी अपेक्षा धरतां येत नाहीं. पुष्कळदां त्याला मागूनच घ्यावें लागतें. म्हणून घरांतील कोणी रुग्णालयांत असेल तेव्हां, आतां बरें केव्हां वाटेल, ह्या नेहमींच्या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावे. आज त्यांनीं स्वतःच्या हातानें काय करावें ? आणि घरीं गेल्यावर त्यांना जें करावयाचें आहे, त्याची तयारी येथें कोण करून घेणार ? हे प्रश्न टांके निघाल्यावर विचारले तर उशीर झालेला असतो. जोडलेली शीर, आकसणारी कातडी आणि झिजणारा स्नायु हीं कोणासाठीं थांबत नाहींत.